शेगडीची ज्योत का मरगळली?

काही वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात आम्ही एका परिषदेसाठी अमेरिकेत गेलो होतो. परिषद आटोपल्यावर तिथे स्थायिक झालेल्या एका जुन्या मित्राने यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान दाखवण्याचा बेत आखला. त्यासाठी त्याने एक मोटरहोम भाड्याने घेतले होते. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. झोपायला बाक, छोटेसे स्वयंपाकघर, फ्रीज, पाणी तापवायचा बंब, थंडीसाठी हीटर असे सगळे त्यात असते. गंमत म्हणजे यातली बरीचशी उपकरणे एकाच इंधनावर चालतात. ते इंधन म्हणजे प्रोपेन वायू. गाडीच्या तळाशी प्रोपेनची एक आडवी टाकी पक्की बसवलेली असते आणि तिथून नळ्यांवाटे वायू घरभर पोहोचतो. गाडीच्या बाहेरच्या अंगालाही एक तोटी असते. उघड्यावर स्वयंपाक करायचा असेल तर तिला शेगडी जोडायची.

पहिल्याच संध्याकाळी मित्राने स्वतःची छोटी ग्रिल बाहेर काढली. ग्रिल म्हणजे जाळीवर भाजायची गॅसची शेगडी. मक्याची कणसे आणि भरताची वांगी भाजायची होती. ग्रिलची नळी गाडीच्या बाहेरच्या तोटीला जोडली, गॅस सुरू केला, काडी लावली. ज्योत पेटली, पण कशी? निळ्या मण्यांची एक अंधूक माळ तेवढी दिसत होती. अर्ध्या तासानंतरही कणसे हिरवीच. गॅस संपला म्हणावे, तर गाडीच्या आतली शेगडी झकास पेटत होती. ग्रिल बिघडली म्हणावे, तर आदल्याच आठवड्यात घरी ती उत्तम चालली होती.

शेजारच्या गाडीतले एक वयस्कर गृहस्थ हा प्रकार पाहत होते. ते म्हणाले, "ग्रिलचा रेग्युलेटर काढून टाका. गाडीत एक आहेच." त्यांच्याकडे त्यासाठी लागणारा जोडही होता. रेग्युलेटर काढला, तो जोड बसवला आणि ज्योत एकदम उभी राहिली. वांगी भाजली गेली, भरीत झाले, सगळे खूष.

खरी गोष्ट घडली ती दुसऱ्या दिवशी. गाडी तळावर ठेवून आम्ही तळ्याकाठी चालत गेलो. ग्रिल बरोबर होती, आणि अर्धा किलोहून थोडा कमी, म्हणजे सुमारे ४६५ ग्रॅम, प्रोपेन मावणारा एक हाती सिलिंडरही. मित्राने पिशवीतून एक जोडनळी काढली. तिचे एक टोक सिलिंडरला बसत होते, दुसरे ग्रिलला. तो जोडणी करू लागला, तेवढ्यात त्याचा अकरावीतला मुलगा म्हणाला, "काका, काल गाडीत रेग्युलेटर होता म्हणून ग्रिलचा काढला. मग आज रेग्युलेटर कुठे आहे?"

सगळे गप्प झाले. रेग्युलेटर कुठेच नव्हता. तो गाडीतल्या खणात पडला होता. मुलाने विचारले नसते, तर सिलिंडरमधला पूर्ण दाब थेट शेगडीत शिरला असता. जो सल्ला आदल्या संध्याकाळी अगदी बरोबर होता, तोच दुसऱ्या दिवशी एखाद्याचा चेहरा भाजायला पुरेसा होता.

असे का? या एका प्रश्नात द्रव आणि बाष्प, दाब, प्रवाह आणि ज्वलन असे शाळेतले कितीतरी धडे एकत्र येतात. आपण ते एकेक करून पाहू.

सिलिंडरमधला दाब कोण ठरवतो?

प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. साध्या वातावरणीय दाबाला तो उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे आपल्या नेहमीच्या तापमानाला तो वायूच असायला हवा. पण बंद भांड्यात दाबाखाली ठेवला की त्याचा द्रव होतो. सिलिंडरमध्ये खाली द्रव आणि वर त्याचे बाष्प अशी दोघांची वस्ती असते.

अशा सिलिंडरमधला दाब आत किती गॅस उरला आहे यावर अवलंबून नसतो. सिलिंडर पाऊण भरलेला असो की पाव, द्रवाचा थोडाही साठा शिल्लक असेपर्यंत दाब तोच राहतो. थोडे बाष्प बाहेर गेले की तेवढाच द्रव उकळून त्याची जागा भरून काढतो. दाब ठरवते ते तापमान. प्रोपेनच्या बाबतीत उणे १८ अंशांना बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे दीड वातावरण जास्त दाब असतो, २० अंशांना सुमारे ७, आणि ३८ अंशांना सुमारे १२ वातावरणे. थंडीतली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत सात-आठ पटींचा फरक!

घरगुती गॅस म्हणून आपल्याकडे येतो तो प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशाच्या आसपास आहे. महाराष्ट्रात तो चालून जातो, पण कडाक्याच्या थंडीत ब्यूटेन द्रवरूपातच बसून राहील, वर येणारच नाही. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो, म्हणून तिथे फिरत्या घरांना प्रोपेनच हवा.

दाब मोजायची साधी पट्टी

सात वातावरणे म्हणजे किती? पाण्याच्या उंचीत सांगायचे तर सुमारे ७० मीटर उंच पाण्याचा स्तंभ, म्हणजे वीस-बावीस मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्याच्या नळाला मिळणारा दाब.

आणि शेगडीला किती दाब लागतो? अमेरिकेतल्या मोटरहोममध्ये नळ्यांमधला दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका ठेवतात. ११ इंच म्हणजे जवळजवळ २८ सेंटिमीटर, वीतभराहून थोडा अधिक. आपल्या घरगुती गॅसच्या शेगड्या सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबासाठी बनवलेल्या असतात. यलोस्टोनमधल्या चाकांवरच्या घरात आणि साताऱ्यातल्या स्वयंपाकघरात शेगडीपाशी दाब जवळजवळ सारखाच असतो.

७० मीटर कुठे आणि २८ सेंटिमीटर कुठे! टाकीतला दाब शेगडीपर्यंत येताना अडीचशे पटींनी कमी करावा लागतो. शिवाय टाकीतला दाब हवामानाप्रमाणे बदलत असतो, शेगडीकडचा मात्र बदलून चालत नाही. हे दुहेरी काम करतो रेग्युलेटर.

रेग्युलेटर म्हणजे साधी तोटी नव्हे

पुष्कळांची समजूत अशी असते की रेग्युलेटर म्हणजे गॅस चालू-बंद करायचे बटण. ते त्याचे दुय्यम काम. रेग्युलेटरच्या चपट्या डबीत रबराचा एक गोल पडदा असतो. पडद्याच्या वरच्या बाजूला स्प्रिंग आणि बाहेरची हवा, खालच्या बाजूला शेगडीकडे निघालेला गॅस. पडद्याला एक तरफ जोडलेली असते आणि तरफेच्या दुसऱ्या टोकाला एक छोटीशी झडप. ही झडप सिलिंडरकडून येणाऱ्या बारीक छिद्रावर बसते.

स्प्रिंग पडद्याला खाली ढकलते, त्यामुळे झडप उघडते. गॅस आत येतो, पडद्याखालचा दाब वाढतो, पडदा वर उचलला जातो आणि झडप मिटू लागते. शेगडीने गॅस वापरला की दाब किंचित उतरतो, पडदा खाली येतो आणि झडप पुन्हा उघडते. ही ओढाताण इतकी जलद आणि सूक्ष्म असते की आपल्याला फक्त स्थिर ज्योत दिसते. पुढचा दाब पाहून मागचा पुरवठा आपोआप जुळवून घेणारी ही यंत्रणा आहे.

पडदा एवढा रुंद का असतो? समजा, त्याचा व्यास ७ सेंटिमीटर आहे. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. २८ सेंटिमीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २८ ग्रॅम वजन. एकूण बल झाले एक किलो वजनाहून थोडे अधिक. उलट ३ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रावर सिलिंडरच्या सात वातावरणांचे बल भरते अर्धा किलो वजनाएवढेच. दाब अडीचशे पटींनी कमी, पण क्षेत्रफळ मोठे, म्हणून पडदा झडपेला भारी पडतो. पास्कलच्या नियमाचे याहून घरगुती उदाहरण शोधून सापडणार नाही.

मोटरहोममध्ये हे काम दोन टप्प्यांत करतात. पहिला टप्पा टाकीचा चढउतार करणारा दाब एका वातावरणाच्या आत आणून ठेवतो. दुसरा टप्पा त्याचे ११ इंच करतो. दुसऱ्या टप्प्याला येणारा दाब जवळजवळ स्थिर असल्यामुळे पुढचा दाबही नेटका राहतो. गाडीच्या बाहेरची तोटी बहुधा या दोन्ही टप्प्यांच्या पुढे बसवलेली असते. हे लक्षात ठेवा, सगळी गोम त्यातच आहे.

जेट आणि वर्गमूळ

शेगडीत गॅस ज्या बारीक छिद्रातून बाहेर पडतो त्याला आपले दुरुस्तीवाले जेट म्हणतात. ज्योत किती मोठी होणार हे दोन गोष्टींवर ठरते: जेटचे क्षेत्रफळ आणि त्यामागचा दाब. क्षेत्रफळ दुप्पट केले की गॅस दुप्पट. दाबाचे मात्र तसे नाही. दाब चौपट केला की गॅस दुप्पट होतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. पाण्याच्या टाकीतून पडणाऱ्या धारेसाठी टॉरिचेलीने सतराव्या शतकातच हे सांगून ठेवले होते, आणि कमी दाबाच्या गॅसलाही ते चांगले लागू पडते.

आकडेमोड करून पाहू. एका छोट्या ग्रिलची शक्ती साडेतीन किलोवॉट धरा. एक किलो प्रोपेन जळताना सुमारे ५० मेगाज्यूल उष्णता देतो. म्हणजे या ग्रिलला तासाला सुमारे पाव किलो प्रोपेन लागेल आणि तो हाती सिलिंडर पावणेदोन-दोन तास पुरेल. २८ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला एवढा गॅस सोडायचा तर जेटचा व्यास किती हवा? हिशेब येतो सुमारे १ मिलिमीटर. खऱ्या शेगड्यांचे जेट याच मापाच्या आसपास असतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. जेट आणि दाब ही जोडी आहे. जास्त दाबासाठी बनवलेल्या शेगडीचे जेट बारीक असते, कमी दाबासाठी बनवलेल्या शेगडीचे मोठे. समजा, चौपट दाबावर चालणाऱ्या एका शेगडीला आपण कमी दाबाच्या तोटीला जोडले, तर तिची ज्योत निम्मी होईल. नुसती नळी जुळली म्हणजे जोडी जुळली असे होत नाही.

दोन रेग्युलेटर एकामागे एक

आता पहिल्या संध्याकाळचे कोडे सोडवू. मित्राची ग्रिल घरी सिलिंडरवर चालत असे. तिच्या रेग्युलेटरला सात वातावरणे घेऊन २८ सेंटिमीटर पाण्याएवढा दाब द्यायची सवय होती. त्याच्या आतले छिद्र बारीक असते, कारण मागे प्रचंड दाब असताना बारीक छिद्रही पुरते.

तोच रेग्युलेटर गाडीच्या तोटीला लावला. आता त्याच्या मागे सात वातावरणे नव्हती, मुळात २८ सेंटिमीटरच होते. पडद्याला वाटले, दाब कमी पडतोय. त्याने झडप सताड उघडली. पण सताड म्हणजे तरी किती? छिद्र बारीकच. एकाच मापाच्या छिद्रातून सात वातावरणांच्या दाबाने जेवढा गॅस जाईल, त्याच्या विसाव्या हिश्शाइतकाच २८ सेंटिमीटरच्या दाबाने जातो. शिवाय तो तुटपुंजा दाब झडप आणि जेट यांच्यात वाटला जातो. जेटपाशी उरतो तो नावापुरता.

गच्चीवरच्या टाकीचा कॉक जेमतेम उघडा असेल तर न्हाणीघरातला नळ कितीही पिळला तरी धार मोठी होत नाही. इथे तेच झाले. गॅस भरपूर, ग्रिल चांगली, रेग्युलेटरही दोन्ही धडधाकट. बिघाड कशातच नव्हता, तो जोडणीत होता. म्हणून ग्रिलचा रेग्युलेटर काढणे हा त्या ठिकाणी योग्य उपाय होता, कारण ग्रिलचे जेट २८ सेंटिमीटरसाठीच बनवलेले होते आणि तेवढा दाब गाडी देत होतीच.

ग्रिल जास्त दाबाची असती तर हा उपायही चालला नसता. तिच्यासाठी गाडीच्या रेग्युलेटरच्या अलीकडे, टाकीकडच्या बाजूला, खास जोड बसवून जास्त दाबाची नळी आणावी लागते आणि ग्रिलचा स्वतःचा रेग्युलेटर जागेवरच ठेवावा लागतो. थोडक्यात नियम असा: टाकी आणि जेट यांच्या दरम्यान, जेटला हवा तेवढा दाब देणारा रेग्युलेटर असलाच पाहिजे. तो कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता आले, तरच काडी ओढायची. आपली शेगडी कोणत्या जातीची हे तिच्यावरच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. अंदाजाने ठरवायची ही बाब नाही, आणि जोडही त्या कामासाठी बनवलेलेच वापरायचे.

उलटी चूक

तळ्याकाठी जे घडता घडता राहिले ते याच्या उलट होते. जेट २८ सेंटिमीटरचे आणि मागे सिलिंडरचा पुरा दाब. वरचाच हिशेब आता उलट्या बाजूने लागू होतो: वीसपट गॅस! साडेतीन किलोवॉटच्या शेगडीतून सत्तर किलोवॉटची ज्योत. एवढ्या गॅसला बर्नरच्या तोंडाशी हवा पुरत नाही. ज्योत बर्नरवरून उचलली जाते, पिवळी होऊन फोफावते, किंवा विझून नुसताच गॅस भसाभस बाहेर येतो आणि मग लांबूनच पेट घेतो. कमी दाबाच्या नळीला आणि तोट्यांनाही हा दाब सोसवत नाही. सिलिंडर पूर्ण दाबाचा नसून पहिल्या टप्प्यानंतरचा एका वातावरणाचा दाब असता, तरी गॅस पाच-सहा पट झाला असता.

म्हणून आम्ही पुन्हा म्हणतो, जोड बसतो याचा अर्थ जोडणी बरोबर आहे असा नाही. आट्यांना दाब कळत नाही, तो आपल्याला कळावा लागतो. त्या दिवशी मुलगा धावत जाऊन गाडीतून रेग्युलेटर घेऊन आला. तो बसवला आणि ग्रिल नेहमीसारखी चालली.

ज्योत मंद होण्याची इतर कारणे

मंद ज्योत म्हणजे नेहमी दुहेरी रेग्युलेटरच असे समजू नये. नळी फार लांब आणि बारीक असेल तर घर्षणात दाब खर्च होतो. २८ सेंटिमीटरच्या भांडवलातून पाच-सात सेंटिमीटर वाटेतच गेले तर ज्योतीवर परिणाम दिसणारच. अमेरिकेतल्या मोठ्या सिलिंडरच्या जोडात एक सुरक्षा-झडप असते. सिलिंडर एकदम उघडला तर नळी तुटली आहे असे समजून ती प्रवाह जवळजवळ थांबवते. अशा वेळी सगळे बंद करून थोडे थांबायचे आणि सिलिंडर सावकाश उघडायचा. कधी बर्नरच्या नळीत कोळी जाळे विणतो किंवा कुंभारीण माशी मातीचे घर करते. रेग्युलेटरच्या डबीला हवेसाठी एक छोटे भोक असते. ते बुजले तर पडद्याची हालचालच बिघडते.

वैज्ञानिक पद्धत म्हणजे तरी दुसरे काय? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. आतली शेगडी पेटते, म्हणजे टाकी निर्दोष. ग्रिल सिलिंडरवर पेटते, म्हणजे ग्रिल निर्दोष. मग उरते ती मधली जोडणी.

आपल्या घरात

मोटरहोम आपल्याकडे क्वचितच दिसतात, पण हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. लग्नाच्या मांडवातला आचारी किंवा वडापावची गाडी मोठ्या भट्टीसाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि जास्त दाबाचा रेग्युलेटर वापरते. त्या रेग्युलेटरवर घरची शेगडी जोडणे म्हणजे तळ्याकाठची चूक करणे. घरच्या रेग्युलेटरवर भट्टी जोडली तर पहिल्या संध्याकाळची मरगळलेली ज्योत मिळेल.

मुंबई-पुण्यात घरोघर नळाने नैसर्गिक वायू येऊ लागला तेव्हा कारागिरांनी शेगड्यांचे जेट बदलून दिले, ते याच कारणाने. नैसर्गिक वायू म्हणजे प्रामुख्याने मिथेन. सारख्याच आकारमानाचा मिथेन प्रोपेनच्या निम्म्याहूनही कमी उष्णता देतो, म्हणून त्याला मोठे जेट लागते. शेगडी तीच, दाबही जवळपास तसाच, पण इंधन बदलले की जोडी नव्याने जुळवावी लागते.

आता दोन गोष्टी जिवाशी संबंधित. पहिली: प्रोपेनचा रेणुभार ४४, हवेचा सरासरी २९. म्हणजे प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळलेला गॅस वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो, पाण्यासारखा खोलगट जागा भरतो. म्हणूनच मोटरहोममध्ये गॅस हुंगणारे यंत्र जमिनीजवळ बसवतात. हवेत प्रोपेन फक्त दोन टक्क्यांहून थोडा अधिक झाला की मिश्रण पेट घेऊ शकते. गॅसला स्वतःचा वास नसतो, आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. वास आला तर विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. गळती शोधायला साबणाचे पाणी वापरावे, काडी कधीही नाही.

दुसरी: प्रोपेनच्या एका रेणूला पूर्ण जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. हिशेब केला तर एक लिटर प्रोपेनला सुमारे २४ लिटर हवा. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. पावसाची सर आली म्हणून ग्रिल मोटरहोमच्या आत घेणे आणि बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावून आंघोळीला बसणे यांत विज्ञानाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. दोन्हींत माणसे दगावली आहेत.

वर्गात करून पाहा

गॅसला हात न लावता यातली मुख्य तत्त्वे वर्गात दाखवता येतात.

प्रयोग १. तीस-बत्तीस सेंटिमीटर खोल पाणी मावेल असे उंच भांडे किंवा बाटली घ्या. एक पारदर्शक नळी पाण्यात २८ सेंटिमीटर खोल धरा आणि वरून फुंका. खालच्या टोकातून बुडबुडे निघाले की तुमच्या फुप्फुसांनी शेगडीच्या गॅसएवढा दाब निर्माण केला असे समजा. बहुतेक मुलांना हे जमते. स्वयंपाकघरातला गॅस किती हलक्या दाबाने वाहतो हे यावरून मनात पक्के बसते. मग विचारा: सिलिंडरच्या दाबाशी बरोबरी करायला नळी किती खोल बुडवावी लागेल?

प्रयोग २. त्याच बाटलीला अगदी तळाशी एक बारीक छिद्र पाडा. वरून पाणी ओतत राहून पातळी छिद्रापासून २८ सेंटिमीटरवर स्थिर ठेवा आणि एक पेला भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग पातळी ७ सेंटिमीटरवर ठेवून तेच करा. वेळ चौपट लागेल असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो साधारण दुप्पट लागतो. वर्गमुळाचा नियम मुलांनी स्वतः शोधलेला असतो.

प्रयोग ३. प्रयोग २ मधल्या बाटलीला पाणी पुरवणारी नळी चिमट्याने हळूहळू आवळत जा आणि बाटलीतली पातळी कुठे स्थिर होते ते पाहा. मागची वाट अरुंद झाली की पुढचे छिद्र तेवढेच असूनही पातळी उतरते आणि धार मलूल होते. हीच आपली दोन रेग्युलेटरांची गोष्ट.

यानंतर मुलांना घरी जाऊन सिलिंडरपासून बर्नरपर्यंतची वाट कागदावर काढायला सांगा, आणि प्रत्येक टप्प्यावर दाब किती ते लिहायला सांगा. कोणत्याही वस्तूला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे. चित्र पुरे झाले की त्या अकरावीतल्या मुलाचा प्रश्न विचारा: "रेग्युलेटर कुठे आहे?" ज्याला चित्रावर बोट ठेवून उत्तर देता येईल, त्याला हा धडा समजला.